पडीक शेतातले वाटाणे

थोरल्या जावेने चहाचा कप आपटला आणि नेहमीचंच वाक्य टाकलं, "बसून खाणाऱ्यांची मजा असते बाई!" सासूच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून धाकटीने भांडी विसळायला घेतली.

खरं तर धाकटी बसून खाणारी नव्हतीच. नवरा गेल्यावर त्याच्या वाट्याचं ओढ्याकाठचं शेत तिने एकटीने कसलं होतं. मग सरकारची योजना आली. मातीची धूप थांबावी म्हणून ओढ्याकाठची शेतं काही वर्षं पडीक ठेवायची, गवत वाढू द्यायचं आणि त्याबद्दल मालकाला अनुदान मिळणार. योजना चांगली होती. वाईट होती ती घराची रीत. कागदोपत्री शेत थोरल्या दिराच्याच नावावर, अनुदान त्याच्या खात्यात, आणि विधवेला काही सांगायचं नाही, मग विचारणं तर दूरच! 'आता शेतात काम नाही,' एवढंच तिच्या कानावर घातलं गेलं. जमिनीला विश्रांतीचा मोबदला मिळू लागला आणि तिला त्याच विश्रांतीचे टोमणे.

ते ऐकून ऐकून तिचा जीव नकोसा झाला. म्हणून तिने ओढ्याच्या वळणावर थोडे वाटाणे लावले. घरात भाजी येईल, मग तरी यांची तोंडं बंद होतील, असं तिला वाटलं. त्या दुपारी ती पहिल्या शेंगा तोडत होती, तेवढ्यात दीर सरकारी तपासनिसाला घेऊन आला. मागून काठी टेकत सासूही आली.

"हे काय?" तपासनीस थबकला. "पेरणी केलीत? मग अनुदान बंद. आधीचंही परत करावं लागेल."

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. "आम्ही कशाला पेरू, साहेब? बाहेरचं कुणीतरी घुसलं असणार."

"मग या बाई कोण?"

"भाऊजी, मला कुणी सांगितलंच..." धाकटीने बोलायला तोंड उघडलं. दिराने डोळे वटारले. "असेल कुणी फिरस्ती. आम्ही नाही ओळखत."

तपासनिसाचा विश्वास बसेना. तो म्हातारीकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. ही तुमच्या घरातली आहे का?"

म्हातारी स्वतःही विधवाच. मुलाची मर्जी फिरली तर आपलं काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला तिचा राग येतो आणि कीवही येते. ती खाली बघत पुटपुटली, "नाही. आमची नाही ही."

धाकटीच्या हातातली टोपली कलली. शेंगा गवतात सांडल्या. त्या तिने उचलल्या नाहीत.

"बाई, खरं आहे का हे?"

"हो साहेब," ती म्हणाली. "मी यांच्यातली नाही."

तपासनिसाने वाटाणे उपटायला लावले, ताकीद दिली आणि तो गेला. दिराने सुटकेचा निःश्वास टाकला. "शाब्बास! वेळ मारून नेलीस. चल, घरी चल."

ती घरी गेली. दोन लुगडी आणि नवऱ्याचा फोटो पिशवीत भरून बाहेर पडली. जाऊ बघतच राहिली. फाटकापाशी म्हातारीने तिचा हात धरला, "अगं, अशी जाऊ नकोस. मी काय मनापासून बोलले का?"

"माहीत आहे, आई," तिने हात हलकेच सोडवून घेतला. "पण मी मनापासून बोलले."

अनुदान त्या वर्षीही वेळेवर जमा झालं. ओढ्याकाठी गवत दाट वाढलंय, माती वाहून जात नाही, तपासनीस खूश आहे. म्हातारीच्या डोळ्यांत औषध घालायला आता कुणाला सवड नसते. वाचकहो, आज जेवायला बसाल तेव्हा आपल्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, तेवढं एकदा बघा.