दोन ओळी राहिल्यात

बायडाबाई मंगळवारी सकाळी पावणेसहाला नाशिकच्या दवाखान्यात वारली. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरावं. तिच्या नवऱ्याने ते अजून ऐकलेलं नाही, आणि त्याच्या आधी आपल्याला माहीत असणं बरं दिसत नाही.

तर बायडाबाई बरी आहे. सव्वासहा वाजलेत. सायखेड्याच्या बाहेर, गोदावरीच्या अंगाला, तिच्या चार गुंठ्यांत स्वीटपीच्या, म्हणजे वाटाण्यासारख्या वेलीवरच्या सुवासिक फुलांच्या, नऊ ओळी बांबू-सुतळीवर फुलून उभ्या आहेत. तिचा नवरा कारभारी कात्री आणि बादली घेऊन पहिल्या ओळीत शिरलाय. घरात चार्जिंगला लावलेला फोन वाजतोय. तो उचलायचा नाही, असं ठरलेलं आहे.

ही फुलं बायडाबाईची. आजूबाजूला सगळी द्राक्षं आणि कांदे. आठ वर्षांपूर्वी ती नाशिकला गंगापूर रोडवरच्या उज्ज्वलाबाईंच्या फुलांच्या दुकानात झेंडू द्यायला गेली आणि येताना बियांची पुडी घेऊन आली. तेव्हापासून ऑक्टोबरात घरातलं नेलकटर माणसांना मिळेनासं झालं. बिया रात्रभर भिजवायच्या. ज्या फुगत नाहीत त्यांचं टरफल नेलकटरने जरासं उडवायचं. मग चहाच्या कागदी कपात दोन-दोन लावायच्या. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. पहिल्या वर्षी कारभारीला ते बघवेना.

"चांगलं वाढतंय, त्याचं मुंडकं कशाला उडवती?"

"एकटं वाढतंय. खुडलं की चार फुटतात."

त्यांना एकच मुलगी, आशा. कारभारीने पुढचा कप तिच्याकडे सरकवला.

स्वीटपीचा मुख्य नियम असा की फूल रोज काढावं लागतं. वेलीवर राहिलं की शेंग धरते, आणि शेंग धरली की वेलीला वाटतं आपली नोकरी झाली. ती निवृत्त होते आणि पंधरा दिवसांत वाळते. मागच्या वर्षी ऐन बहरात कारभारीची इगतपुरीची चुलती वारली. दोघांनी तिला वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पण सुतक ते सुतक. दहा दिवस फुलाला हात लावायचा नाही, आणि लावला तरी असलं फूल लग्नाच्या स्टेजवर कोणी घेत नाही. अकराव्या दिवशी नऊच्या नऊ ओळींवर शेंगा लटकत होत्या.

म्हणून परवा दवाखान्यात, नाकात नळी असताना, बायडाबाईने सगळं आखून दिलं. सुतक बातमी कानावर पडल्यापासून लागतं, त्याआधी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी गेले तर आशा फोन करील. उचलू नका."

"काहीबाही नको बोलू."

"ऐका. आधी फुलं काढा. मंग कळ्या काढा. बारकी कळी पण ठेवू नका. दहा दिवस वेलीला शेंग धराया काय सापडलं नाय पाहिजे. मंग खुशाल रडा."

"आन् फोन कंपनीचा असला तर?"

"तर वाचला ना." तिने दम घेतला. "इगतपुरीची म्हातारी जाताना वेल घेऊन गेली. मी नाय नेणार. होळीपर्यंत चालली पाहिजे."

फोन अकरा वेळा वाजला. कंपनीवाले इतक्या सकाळी उठत नाहीत. कारभारी दुसऱ्या ओळीत गेला.

सातला त्याचा चुलतभाऊ भिकन बांधावर आला. "कारभारी."

"बोल. पण हातात कात्री हाय, तेवढं बघून बोल."

भिकनने कात्री बघितली. मागल्या वर्षीच्या शेंगा त्यानेच उपटून बांधावर टाकल्या होत्या.

"थंडी हाय आज," तो म्हणाला.

"हाय."

"लय हाय."

मग तो खाली बसला. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला, तो त्याने बंद केला.

आठपर्यंत बांधावर बावीस माणसं जमली. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे वेगळंच बोलत होते. एकाने बिबट्याचा विषय काढला. तो कुठल्या मळ्यात दिसला यावर अर्धा तास गेला. पाचसहा जण आत शिरले असते तर काम तासाभरात उरकलं असतं. पण बांधावर सगळी भावकीच होती. त्यांना बातमी कळलेली, म्हणजे त्यांना सुतक लागलेलं. घराण्यात फुलाला हात लावायला एकच माणूस मोकळा होता, आणि तो तिचा नवरा होता.

भावकीतल्या वत्सलाबाईंना राहवेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काय झालं, वहिनी?" कारभारीने वेलीतून विचारलं.

सगळ्या बांधाने वत्सलाबाईंकडे बघितलं.

"डोळ्यात चिलट गेलं."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन होती."

"बरं," कारभारी म्हणाला.

साडेनऊला भावकीबाहेरच्या किशोरचा दुधाचा टेम्पो आला आणि फुलांनी भरलेल्या दोन बादल्या घेऊन गेला. गंगापूर रोडवर संध्याकाळी रिसेप्शन होतं. फुलं नियमाप्रमाणे शुद्ध होती. आता राहिल्या कळ्या. त्यांना कात्री चालत नाही, नखानेच खुडाव्या लागतात.

दहाला रस्त्याच्या मोरीपाशी ॲम्ब्युलन्स दिसली. भिकन पळत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"अहो, बाजूला व्हा. बॉडी आहे आत," ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत हाय. दोन ओळी राहिल्यात."

"कसल्या ओळी?"

मागचं दार उघडून आशा उतरली. तिने मळ्याकडे बघितलं. वेलींच्या वर बापाची टोपी हळूहळू सरकत होती.

"थांबा हो जरा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आईच सांगून गेलीये." आणि परत आत जाऊन आईशेजारी बसली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

आठव्या ओळीतून ॲम्ब्युलन्सचं पांढरं छप्पर स्वच्छ दिसत होतं. कारभारीने तिकडे पाठ केली. नववी ओळ संपली. मग तो पुन्हा पहिल्या ओळीत गेला, एखादी राहिली असेल म्हणून. तीन सापडल्या. तो तिसऱ्यांदा फिरला. आता एकही सापडली नाही. नऊ ओळी नुसत्या हिरव्या उभ्या होत्या. तरी तो चौथ्यांदा पहिल्या ओळीकडे वळला.

"कारभारी," भिकन म्हणाला, "नाय राहिली."

"बघू दे."

त्याला कोणी अडवलं नाही. चौथी फेरी बरीच लांबली. मग तो बांधावर आला, हात धुतले, कात्री पुसून भिकनजवळ ठेवली.

"बोल आता."

भिकनने चार तास तोंडात धरलेलं वाक्य निघेना. त्याने कात्री उचलून परत खाली ठेवली. शेवटी आशा मोरीवरून चालत आली.

"बाबा, आई गेली."

"कधी?"

आशाने घड्याळात बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आत्ता," ती म्हणाली.

बायडाबाईच्या अंगावर बाजारातून आणलेला झेंडू घातला. स्वतःच्या मळ्यातलं एकही फूल घालता आलं नाही. नवीन कळी बाराव्या दिवशी दिसली. फुलांचा पहिला दांडा कारभारीने काढला, खालची दोन उमललेली आणि वरची दोन मिटलेली, अगदी तिला हवं तसं. घरात येऊन त्याने तिला हाक मारली आणि मग तो दांडा पाण्याच्या तांब्यात ठेवला.

मृत्यूच्या दाखल्यावर वेळ होती पाच पंचेचाळीस. कारभारीने तो नीट घडी घालून नाशिकला नेला आणि नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत सोबत एक अर्ज दिला. खिडकीतल्या माणसाने अर्जावर आवक क्रमांक टाकला. अर्ज असा:

'मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, यांसी. विषय: वेळेत दुरुस्ती होणेबाबत. महोदय, माझी पत्नी बायडाबाई हिच्या दाखल्यावर मृत्यूची वेळ सकाळी ५.४५ लागली आहे. सदर वेळी व तेथून पुढे ११.१० पर्यंत ती हयात असल्याचे गावातील बावीस इसमांनी पाळले आहे. त्यांच्या सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत. तरी वेळ ११.१० करून मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, वेल अद्याप चालू असल्याने, ती बंद पडेपर्यंत सदर नोंद तहकूब ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'