वाकड्या मानेची दुर्बीण

बाल्त्सरला दुर्बीण घ्यायची होती आणि ती सरळ नळीचीच घ्यायची होती. वाकड्या मानेची, म्हणजे वरून वाकून बघायची असली भानगड त्याला नको होती. रानशेळी दिसेल तिकडे नळी रोखायची आणि बघायचं, चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. आधी सगळ्या बघून तर घे, असं त्याची बायको मेंगिया गाडीत दोनदा म्हणाली, तर हा खिडकीबाहेर बघत बसला. गाडी तीच चालवत होती. उन्हाळा लागायच्या आधीपासून तीच चालवायची, कारण याचा म्हणे गुडघा दुखत होता.

जुनी दुर्बीण त्याने माळ्यावर टाकली होती. तिनेच गेल्या सप्टेंबरात आपली अब्रू घालवली, असं तो भेटेल त्याला सांगायचा. ग्राउब्युन्डनच्या डोंगरांत रानशेळीच्या मादीलाही नरासारखी शिंगं असतात, आणि दूध पाजणारी मादी मारायची नाही हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून शिकारी आधी तासभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो, जवळपास पिल्लू आहे का बघतो आणि मगच बंदुकीला हात घालतो. बाल्त्सरही तासभर बसला होता. मादी एकटीच होती, त्याने शपथेवर सांगितलं असतं. गोळी लागली, मादी कोसळली, आणि शेजारच्या खडकालगत पिल्लू उठून उभं राहिलं.

लपवाछपवी या माणसाच्या रक्तातच नव्हती. मादी पाठीवर घेऊन तो डोंगर उतरला, थेट शिकारखात्याच्या रक्षकाकडे गेला आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. रक्षकाने कास दाबली. बोटांवर दूध आलं. दंड झाला, जनावर जमा झालं, ते सगळं रीतसर पार पडलं. पण त्या रविवारी खानावळीत कुणीतरी याच्यापुढे वाइनऐवजी दुधाचा पेला ठेवला, आणि तेव्हापासून गावाने त्याचं नाव गवळी पाडलं. ते नावही त्याने पचवलं असतं हो. पिल्लू पचत नव्हतं. पुन्हा असं झालं तर आपण माणसात राहणार नाही, असं तो हिवाळ्यात एकदा मेंगियाला म्हणाला होता. आता नवा मोसम तीन आठवड्यांवर आला होता.

दुकान लुर्त्सीचं. हा लुर्त्सी बाल्त्सरच्या शाळेतला, एका बाकावरचा. गवळी म्हणून हाक न मारणारा गावात तेवढा एकच. दुकानाच्या आत दुर्बीण विकणं त्याला पाप वाटायचं. गिऱ्हाइकाला तो मागच्या गच्चीवर न्यायचा. समोर कुरणापलीकडे गावाचं नेमबाजीचं मैदान, तीनशे मीटरवर निशाणाच्या पाट्या, आणि त्यांच्या वर कड्याची घळ. ऊन तापलं की हवा थरथरते, मग चांगली काचही वाईट दिसते, म्हणून त्याने मुद्दाम सकाळी आठला बोलावलं होतं.

तिवईवर पहिली चढली ती लहान, पाठपिशवीत सहज मावणारी. बाल्त्सरने पाट्यांवर रोखली आणि म्हणाला, धूसर आहे. दुसरीचं पुढचं भिंग चांगलं बशीएवढं. ती म्हणे जरा बरी, पण तिच्यातून पडदा आल्यासारखं दिसतं. त्याने चकती फिरवून सगळं मोठं केलं, तर आणखीच बिघडलं. हल्ली काचा कुणी नीट घासतच नाही, असं म्हणून तो फणकारला. लुर्त्सीने स्वच्छच असलेलं भिंग पुन्हा पुसलं आणि दुकानातली सगळ्यांत भारी दुर्बीण आणून ठेवली, सरळ नळीची.

"पाट्या राहू दे," तो म्हणाला. "वर घळीत बघ. रोज सकाळी असतात तिथे."

बाल्त्सर बराच वेळ बघत राहिला. गेल्या वर्षीसारखाच, डोळ्यांत तेल घालून.

"मादी आहे. बसलीय," तो म्हणाला. "एकटीच आहे."

मग मेंगिया टाचा उंचावून नळीला भिडली. ही काही नुसती सोबत आलेली बाई नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी तिने शिकारीची परीक्षा दिली होती, नवऱ्यापेक्षा चार गुण जास्त मिळवले होते आणि परवाना अजून चालू होता. तरी डोंगरावर गेलं की बंदूक त्याच्याकडे आणि डबा हिच्याकडे, असंच आजवर चालत आलं होतं. तिने चकती हळूच फिरवली आणि पुन्हा डोळा लावला.

"काय गं?"

"पिल्लू आहे, बाल्त्सर. तिच्या पोटाशी. दोन कान दिसतायत."

त्याने तिला जवळजवळ बाजूलाच ढकललं. उजवा डोळा लावला, मादी एकटी. मग कसं कुणास ठाऊक, जन्मात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं, डावा डोळा लावला. कान होते. कानच काय, नाकावरची काळी पट्टीसुद्धा होती. त्याने पुन्हा उजवा लावला, पुन्हा डावा. काच तीच होती. गेल्या वर्षीच्या काचेलाही काही झालं नव्हतं.

तो गच्चीच्या कठड्यावर बसला. त्याला लाज वाटली, इतकी की लुर्त्सीकडे बघवेना. बिचाऱ्या जुन्या दुर्बिणीला वर्षभर शिव्या घातल्या होत्या त्याने.

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला," मेंगिया म्हणाली. मोतीबिंदूच असणार, तिच्या आईलाही झाला होता, आणि उद्याच डॉक्टरकडे जायचं, हेही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. यावर त्याने चक्क मान डोलावली. पण शस्त्रक्रिया व्हायची, डोळा सुधारायचा, तोवर मोसम संपणार हे त्या तिघांनाही कळत होतं.

जरा वेळाने बाल्त्सर उठला आणि त्याने लुर्त्सीकडे वाकड्या मानेची मागितली. लुर्त्सीच्या भुवया वर गेल्या. सरळच हवी होती ना तुला, त्याने विचारलं.

"सरळ नळीला हिला टाचा उंचवाव्या लागतात. ही तिच्या उंचीला लाव. मला बघायचं झालं तर मी वाकेन." मग तो मेंगियाकडे वळला. "या सप्टेंबरात दुर्बीणही तुझी आणि बंदूकही तुझी. डबा मी घेतो."

मेंगियाने त्याच्याकडे नीट बघितलं, थट्टा नाही ना म्हणून. लुर्त्सीने तिवईचे पाय तिच्या बेताने खाली घेतले, वाकड्या मानेची वर चढवली, आणि तिने घळीवर रोखली. मादी उठली होती. पिल्लूही उठलं, आणि आईमागून कड्याच्या कडेकडेने चालू लागलं.

"बघायचंय?" तिने विचारलं आणि बाजूला झाली.

बाल्त्सर वाकला. त्याने डावा डोळा लावला, आणि पिल्लू आईमागे वळणाआड जाईपर्यंत तो तसाच वाकून बघत राहिला.