आखाजीचं रीळ

धुळ्यात माझ्या दुकानावर अजूनही 'टेप, व्हीसीआर, रेडिओ दुरुस्ती' अशी पाटी आहे. त्यातलं आता कोणी काही आणत नाही आणि मी पाटी काढत नाही. माझी बायको मेहरुन म्हणते, पाटी आणि तुम्ही एकाच सालचे, दोघांनाही रंग द्यायला झालाय. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. चाळीस वर्षं बिघडलेल्या वस्तू सरळ करतोय. पण त्यात एक खोड लागते. जे काही वाकडं दिसेल ते सरळ करणं आपलंच काम आहे असं वाटायला लागतं. त्या खोडीपायी या चैत्रात माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

पिंपळनेरचे प्रेमराजशेठ किराणा दुकानवाले. ते एक मशीन घेऊन आले. आकारानं मिक्सरएवढं, सगळं प्लास्टिक. जुन्या घरगुती फिल्मची पट्टी त्यात एका बाजूनं घालायची, आत दिवा लागतो, मशीन एकेक चित्र टिपून कार्डात भरतं आणि पट्टी दुसऱ्या बाजूच्या रिळावर गुंडाळत जाते. शेठनी ते ऑनलाइन मागवलं होतं. एक सुटा तुकडा कसाबसा चालला, पण रीळ घातलं आणि ते अडकलं. शेठनी पट्टी ओढून बाहेर काढली आणि हातानंच जमेल तशी गुंडाळली. मशीन अडलं की ओढू नये, एवढी एक गोष्ट माणसांना कळली असती तर माझा अर्धा धंदा बसला असता. मी त्यांना दोन शब्द सुनावले. त्यांनी निमूट ऐकून घेतले, कारण सोबत त्यांची आई होती.

झुंबरबाई सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं वाळक्या. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घट्ट धरलेला. डब्यात चार रिळं होती.

शेठनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील मोतीलाल यांना फार हौस. गावात फटफट्या दोन होत्या तेव्हा यांच्याकडे फिल्मचा कॅमेरा होता. रीळ धुवायला मुंबईला जायचं, दोन महिन्यांनी परत यायचं. मग थोरला मुलगा दीपक पाच वर्षांचा होऊन तापानं गेला. मोतीलालशेठनी त्या दिवसापासून कॅमेऱ्याला हात लावला नाही. प्रोजेक्टर विकून टाकला, रिळं पेटीत गेली. प्रेमराज त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. भाऊ म्हणजे त्यांच्यासाठी भिंतीवरचा हार घातलेला फोटो, स्टुडिओत दोन्ही हात खाली सोडून ताठ उभा राहिलेला. वडील गेल्या वर्षी वारले, पेटी उघडली, तेव्हा डबा सापडला.

तीन रिळं बुरशीनं चिकटून गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. त्यांचं काही होणार नव्हतं, हे मी तिथंच सांगून टाकलं. राहिलं एक.

"त्यामा आखाजीनं जेवन शे," झुंबरबाई म्हणाल्या. "माले मना दीपक खातांना देखना शे."

शेठ म्हणाले, आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं जेवण, आठवडाभर ती एवढं एकच बोलतेय. बाकी रीळ गेलं तरी चालेल, पण तो जेवताना दिसला पाहिजे. मी म्हटलं, अक्का, काढून देतो. असं म्हणू नये हे मला कळतं. तरी म्हणून बसलो.

मशीन उघडलं. पहिलं दुखणं लगेच सापडलं. पट्टी गुंडाळणाऱ्या रिळाचा रबरी पट्टा सैल पडला होता, त्यामुळे पुढे गेलेली फिल्म आत गोळा होत होती. टेपरेकॉर्डरचा एक जुना पट्टा माझ्याकडे निघाला, तो चपखल बसला. मी खूश झालो. बुरशी लागलेल्या रिळाचा सुटा तुकडा घालून पाहिला, तर मशीन टक-टक करून पुन्हा तिथंच अडकलं. मग दोन दिवस नाकी नऊ आले. मोटर बदलली, चाकं तपासली, दिव्यापाशी बारीक धूळ होती ती काढली. शेवटी भिंगाखाली पट्टीच धरली आणि डोक्यात प्रकाश पडला. सत्तेचाळीस वर्षं उन्हाळे खाऊन फिल्म आकसली होती. तिच्या कडेच्या भोकांमध्ये अडकून तिला पुढे ओढणारा जो बारीक दात मशीनमध्ये असतो, तो आता भोकात न शिरता कडेवर आपटत होता. खरा दोष मशीनचा नव्हताच.

म्हणून मीच दात कानशीनं घासून बारीक केला. पट्टी दाबून धरणारी पट्टिका थोडी सैल केली. तुकडा सुरळीत गेला. मग मलमलीनं पुसून खरं रीळ चढवलं. तीन मिनिटांच्या रिळाला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास माझा जीव टांगणीला लागला होता, मेहरुननं ठेवलेला चहा तसाच राहिला. शेवटची वीतभर पट्टी शेठनी हातानं गुंडाळताना फाटली होती, तेवढी मी वगळली. बाकी सगळं कार्डात आलं.

संगणकावर लावून पाहिलं. कडुनिंबाला बांधलेला झोका, त्यावर माहेरी आलेल्या दोन बहिणी. एक बाई खापरावर मांडे टाकतेय. मग अंगणात एक पोरगा, समोर आमरसाची वाटी. कोपरापर्यंत रस ओघळलेला. खातोय डाव्या हातानं.

मी म्हटलं, रीळ उलटं बसलं.

कारणही होतं. शेठनी आधी चालवलेल्या तुकड्यात त्यांच्याच दुकानाची पाटी आरशातल्यासारखी उलटी आली होती. म्हणून रीळ चढवताना मी बाजू बदलून घेतली होती. पण पोराचा डावा हात पाहिला आणि वाटलं, माझ्याच हातून पुन्हा उलटं झालं. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. पट्टी उचलून उजेडात धरली असती तर मिनिटभरात कळलं असतं. मी पट्टी उचलली नाही. घरातलं लेकरू सणाच्या दिवशी, चार माणसांत, डाव्या हातानं कशाला जेवेल? एक बटण दाबलं, चित्र फिरवलं आणि पोरगा उजव्या हातानं जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी टीव्ही लावून दिला. रीळ उलटं होतं, तेही सरळ करून ठेवलंय, असं वर शहाणपण पाजळलं. झोका आला तसं शेठनी आत्यांना ओळखलं. पोरगा आला, तेव्हा ते उठून उभे राहिले. डोळे भरून आले त्यांचे. भाऊ हलताना ते पहिल्यांदाच बघत होते.

झुंबरबाई पुढे सरकल्या. पडद्यापासून हातभर अंतरावर बसून त्यांनी तो तुकडा शेवटपर्यंत पाहिला.

"हाऊ मना दीपक नई," त्या म्हणाल्या.

शेठ गडबडले. आई, फोटोतलाच चेहरा आहे, नीट बघ, असं म्हणू लागले.

"तोंड त्यानंच शे. हात त्याना नई."

मी काही बोलायच्या आत त्या सांगू लागल्या, माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत. दीपक डावखुरा होता. खायचा डाव्यानं, दगड मारायचा डाव्यानं. सासू बोलायची, येणारीजाणारी माणसं हसायची. त्या आखाजीनंतर झुंबरबाईंनी मनावर घेतलं. जेवायच्या वेळी लुगड्याच्या चिंधीनं त्याचा डावा हात पाठीशी बांधायच्या. सोडवला तर मारायच्या. दोन महिन्यांत तो उजव्या हातानं जेवायला लागला. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मग पावसाळ्यात ताप आला.

"पानीना गलास मी पुढे कया," त्या म्हणाल्या. "त्यानी उजवा हात काढा. तो थरथरे, पानी सांडे. मी सांगं, डावा हातघाई धर रे बाप, कसाबी धर. त्यानी डावा हात गोधडीखाल दपाडी लिधा."

पांघरुणाखाली लपवला. आईला दिसू नये म्हणून. दोन दिवसांनी तो गेला.

हे शेठना माहीत नव्हतं. त्या रिळात तिला काय बघायचं होतं, ते मला आता समजलं. तिनं सरळ करण्याआधीचा मुलगा तिला हवा होता, आणि मी त्याला पुन्हा एकदा सरळ करून तिच्यापुढे ठेवला होता. आयुष्यात मला कामाची इतकी लाज कधी वाटली नाही. माफ करा अक्का, म्हटलं, पण ते शब्द मला स्वतःलाच अपुरे वाटले.

बटण दाबलं. चित्र जागेवर आलं. दीपक डाव्या हातानं वाटीत बुडवून मांडे खाऊ लागला, बोटं चाटू लागला. झुंबरबाई रडल्या. आवाज न करता, तोंडात पदर धरून. मेहरुन आतून आली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

मग त्यांनी विचारलं, पुढे काय आहे? तो जेवून उठतो का?

मी खरं सांगितलं. शेवटची वीतभर पट्टी फाटलेली आहे, अजून टिपलेली नाही. दुरुस्त करून चालवता येईल, पण ती तुटूही शकते. शेठ म्हणाले, आहे तेवढं पुरे. झुंबरबाई म्हणाल्या, चालव.

त्या समोर बसल्या असतानाच मी ती पट्टी जोडली. फाटलेल्या भोकांवर पातळ चिकटपट्टी लावली, सुईनं एकेक भोक मोकळं केलं. मशीनवर भरवसा ठेवला नाही, चाक हातानं फिरवत एकेक चित्र पुढे नेलं. चाळीस चित्रं निघाली. म्हणजे जेमतेम दोन सेकंद. या वेळी पट्टी उजेडात धरून बाजू बघितली आणि मगच लावलं.

दीपक खातोय. बाजूनं एक हात चित्रात येतो, हिरव्या बांगड्या भरलेला. तो हात त्याचं डावं मनगट धरतो, वाटीतून बाहेर काढतो, मांडीवर ठेवतो. दीपक मान वर करून बघतो. पट्टी संपते.

मला वाटलं, हे नको होतं. एवढी वर्षं थांबून तिला शेवटी तिचाच हात दिसला. मी हळूच म्हटलं, अक्का, हे शेवटचं काढून टाकतो. दोनच सेकंद आहेत, कोणाला कळणार नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."

मी लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी हात वर केला आणि मी चित्र थांबवलं. डावं मनगट आईच्या हातात, तोंडभर रस, मान वर केलेली. तोपर्यंत मी मनगटच बघत होतो. त्याचं तोंड मी बघितलंच नव्हतं. तो हसत होता.

झुंबरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"देख. तवय तो माले भ्याये नई."

तेव्हा तो आईला भीत नव्हता. मग बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही आणि मीही टीव्ही बंद केला नाही.