सुमात्राहून फोन

बेंगळुरूतल्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून निघाल्यापासून स्मृती एकच नंबर लावत होती. तिच्या थोरल्या भावाचा, रघुनंदनचा फोन लागतच नव्हता. सुमात्राजवळ सकाळी मोठा भूकंप झाला होता, त्सुनामीचा इशारा दिला होता, आणि तो दोन वर्षांपासून तिथेच ज्वालामुखीच्या वायूंचा अभ्यास करत होता.

घरी अप्पा एकटे होते. बायपास होऊन तीनच महिने झाले होते. त्यांनी टीव्ही लावायच्या आत पोचायला हवं होतं.

दार उघडंच होतं. अप्पा टेबलावर ॲटलास पसरून बसले होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस; बोट नकाशावरच्या सुमात्रावर टेकलेलं होतं.

"शेजारच्या प्रतिमाने सांगितलं," ते म्हणाले. "बैस. हे बघ, समुद्रतळाची ही प्लेट बेटांखाली घुसते. अडकते, वर्षानुवर्षं ताण साठतो, मग एकदम सुटते. तळ उचलला की वरचं पाणीही उचललं जातं. आणि खाली गेलेल्या प्लेटमधलं पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं आणि तो वितळतो, म्हणून ज्वालामुखीही तिथेच." ते थांबले. "दर वर्षी पोरांना हे सांगायचो. पाच मार्कांचा प्रश्न. तिथे माणसं राहतात हे डोक्यातच आलं नाही कधी."

तिने त्यांना गोळी दिली.

दुपारी दीडच्या सुमारास अनोळखी नंबर आला.

"स्मृती, मी. टेकडीवरच्या शाळेत आहे. बरा आहे."

तिला रडूच फुटलं. अप्पांनी फोन घेतला. "पाणी आलं?"

"बाजार गेला, अप्पा. आमचा ड्रायव्हर सापडत नाहीये. आणि ऐका, ज्वालामुखीतून वायू जास्त यायला लागलाय. पायथ्याची तीन गावं हलवायचीत. मी इतक्यात येत नाही."

स्मृती हातवारे करून सांगत होती, बोलवा त्याला, बोलवा. अप्पांनी डोळे मिटले.

"किती माणसं आहेत?"

"नऊशेच्या आसपास."

"सरी, ठीक आहे. जा मग. पण दरीतल्या वाटेने जाऊ नकोस, वायू खाली साचतो."

"ठाऊक आहे, अप्पा."

फोन कटला. "तुम्ही बोलावलं असतं तर तो आला असता!" स्मृती ओरडली.

"आला असता गं," अप्पा म्हणाले. "म्हणूनच बोलावलं नाही."

पुढचे पाच दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सहाव्या दिवशी डोंगर फुटला, तेव्हा तिन्ही गावं रिकामी होती. ड्रायव्हर मात्र सापडला नाही. रघुनंदन ड्रायव्हरच्या बायकोला भेटूनच बेंगळुरूला आला.