चौदा फेऱ्यांचा सत्कार

मी बोलतोय तो दुकानामागच्या अंगणातून, दोन बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या अंगावरून. मी एक फलक आहे. कापडी, बारा फूट लांब, चारही कोपऱ्यांना नाड्या. माझ्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'ग्राहक हेच आमचं कुटुंब'. हसू आलं तर हसा. मला आता कशाचंच काही वाटत नाही, असं मी रोज स्वतःला बजावतो.

मला एका म्हाताऱ्या पेंटरने रंगवलं. 'कुटुंब' लिहिताना ब्रश थांबवून तो म्हणाला होता, "घरच्यांना घरचे म्हणायला बोर्ड लागतो होय?" मी तेव्हा कोरा करकरीत. मला त्याचा रागच आला. माझ्या छातीवर एवढं चांगलं वाक्य लिहायचं आणि वर कुजकट बोलायचं!

मालकांचं वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं दुकान. वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, शेजारच्या हॉलमध्ये ते ग्राहक मेळावा भरवायचे. चहा, बिस्किटं, गाणी आणि दोन सत्कार, एक सगळ्यात जवळच्या ग्राहकाचा, एक सगळ्यात कर्तबगार कारागिराचा. बाकी सगळं मालकांचं भाषण. माइक हातात आला की ते सुटायचेच. पुढच्या रांगेतले लोक जांभया गिळायचे आणि मागचे बिस्किटं.

मला टांगायचे ते मिस्त्री, दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. शिडीवर चढून ते अशी गाठ मारायचे की पंख्याच्या वाऱ्यानं मी हलायचो नाही, आणि सोडताना ती एका ओढीत सुटायची. माझ्या कोपऱ्यात मेळाव्याचं सालही होतं; ते बदललं की जुन्या आकड्यावर नव्या आकड्याची पट्टी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, शिवायची. दहा वर्षांत एक टाका उसवला नाही. त्याबद्दल त्या माइकवरून काकूंचे आभार मानल्याचं मला तरी आठवत नाही.

मेळावा संपला की वर्षभर मी दुकानातल्या फळीवर घडी होऊन पडायचो, त्यामुळे येणारे फोन आणि गप्पा ऐकून कोण कुणाच्या घरी कसं काम करतं ते मला पाठ होतं. मिस्त्री एक मशीन उघडलं की दीड तास घ्यायचे. बिघाड सापडला तरी बाकीचं सगळं तपासायचे, आणि झाकण लावून झालं की खिशातल्या फडक्यानं मशीन पुसून द्यायचे. मग त्या घरून वर्षानुवर्षं फोन नाही. मालकांचा भाचा मात्र भलताच चपळ. दहा मिनिटांत काम उरकून शीळ घालत मोकळा. चार दिवसांनी त्याच घरून फोन, आणि भाचेबुवा पुन्हा निघाले!

अकराव्या मेळाव्याआधी मालक म्हणाले, "मिस्त्री, यंदा तुमचाच नंबर. काकूंनाही घेऊन या." त्या वर्षीची पट्टी शिवताना काकू गुणगुणत होत्या. "दहा वर्षं तुम्हाला शिडीवर बघतेय," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एकदा स्टेजवर बघू दे."

पण भाच्यानं मध्येच पाचर मारली. "मामा, उगाच कुणी पक्षपात केला म्हणायला नको. आपण कार्डं मोजू." दुकानात प्रत्येक घराचं एक कार्ड होतं. कारागीर जाऊन आला की त्यावर एक खूण आणि त्याचं नाव. ज्या कार्डावर खुणा जास्त तो सगळ्यात जवळचा ग्राहक, ज्याच्या नावावर फेऱ्या जास्त तो कर्तबगार. मालकांना हे एकदम पटलं. एखाद्या घरी पुन्हा पुन्हा का जावं लागतं, हा प्रश्न त्या दुकानात कुणालाच पडला नाही. मला पडला होता, पण घडी घातलेल्या कापडाला कोण विचारतो?

रविवारी मिस्त्री नवा शर्ट घालून आले. आधी त्यांनी मला टांगलं, मग शिडीजवळच उभे राहिले. काकू तिसऱ्या रांगेत. मालकांनी नाव पुकारलं ते भाच्याचं. काकूंनी टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले.

मग जवळच्या ग्राहक म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. बाईंनी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि माइक ओढून घेतला.

"चौदा वेळा आले माझ्याकडे. तेरा वेळा हा मुलगा आला. चौदाव्यांदा ते शिडीपाशी उभे आहेत ना, ते आले. त्यानंतर कुणाला यावंच लागलं नाही. सत्कार कुणाचा करताय तुम्ही?"

मालकांनी हसत माइक काढून घेतला. "बाईंचा स्वभाव पहिल्यापासून विनोदी!" आणि सगळे हसले. सगळेच्या सगळे. बाई एकट्या कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. मिस्त्री मान वर करून माझ्या गाठी बघत राहिले. मला त्यांचाही राग आला.

लोक पांगल्यावर ते मला उतरवायला चढले. काकूंनी शिडी धरली होती.

"आज तरी दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"त्यांना गाठ सुटायची नाही. नाड्या कापून टाकतील."

"टाकू द्या कापून," काकू म्हणाल्या.

तरीही मिस्त्रींनी मला नीट घडी घालून फळीवर ठेवलं. आठवड्याभरात मालकांनी त्यांना निरोप दिला. "तुमच्या फेऱ्याच कमी पडतात, मिस्त्री. नव्यांना वाव द्यायला हवा. गैरसमज नको, तुम्ही कुटुंबातलेच." मिस्त्री हत्यारांची पिशवी उचलून गेले. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी भाच्यानं मला खिळे ठोकून लावलं. सालाची पट्टी डिंकानं चिकटवली, ती भाषण चालू असतानाच मालकांच्या डोक्यावर पडली. काढताना त्यानं मला ओढलं आणि मी मधोमध फाटलो. तेव्हापासून इथे आहे. भाच्याला न जमलेली मशीनं इथे येऊन पडतात आणि मी त्यांच्यावर पांघरूण घालतो.

खिडकीतून अजून फोन ऐकू येतात. कुणीतरी विचारतं, मिस्त्री आहेत का? भाचा म्हणतो, "कुणीही आलं तरी एकच हो, आम्ही सगळे एक कुटुंब!"

मला आता शिवू नका, पुन्हा टांगू तर मुळीच नका. जमलं तर माझा एक तुकडा फाडून मिस्त्रींच्या खिशात पोचवा. काम झाल्यावर ते ज्यानं मशीन पुसायचे, ते फडकं व्हायचंय मला. ग्राहकाचा तेवढाच काय तो मान झाला या दुकानात, आणि त्याला कधी फलक लागला नाही.