मूठभर मिरच्या

माझ्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नाही. शाळा चौथीत सुटली, पण बोलण्यात मी कुणाला हार गेले नाही. म्हणून हे मीच सांगते. शेजारची धुरपदाबाई सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल.

आमचं गाव अमळनेरपासून दोन कोसांवर. माझ्या धाकट्या लेकाची, सुकदेवची बायको प्रमिला कॉलेज शिकलेली. तिला जळगावच्या रेडिओवरून आवाजाच्या परीक्षेचं पत्र आलं होतं. सुकदेवला माहीत होतं, मला नव्हतं. मला सांगायची भीती वाटली असेल. आमच्या घरात ती सगळ्यांनाच वाटते.

एका सकाळी गोठ्यामागून घोडं फुरफुरल्यासारखा आवाज आला. मग नुसतं घुमणं. डोकावले, तर प्रमिला. जबडा डावीकडे, उजवीकडे, जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर. माझ्या हातातली बादली तिथंच पडली.

शेजारच्या धुरपदाबाईनं भिंतीवरून मान काढली. "अक्का, तुमनी सूनले वारं लागनं!"

"मन्हा घरमा असलं काही लागत नही," मी म्हटलं खरं, पण चुलीतले निखारे काढलेच.

"अक्का, मी तोंड मोकळं करतेय. उद्या मला..."

"चूप! तू नही, ते बोली राह्यनं!"

मीठ, मोहरी, सात मिरच्या तिच्यावरून उतरवून निखाऱ्यांवर टाकल्या आणि तिची मान धुरावर धरली. दृष्ट असली तर ठसका लागत नाही म्हणतात. तिला तर असा लागला की डोळे पांढरे झाले. तेव्हाच मला कळलं, हिला काही झालेलं नाही. हात तेव्हाच काढायचा होता. पण भिंतीवरून धुरपदाबाई बघत होती. मी आणखी मूठभर टाकल्या.

सुकदेव मळ्यातून आला तेव्हा मला त्या रेडिओच्या पत्राचं सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं जळगावला जाऊन संध्याकाळी परतले. "चार ओळी वाचायच्या होत्या," सुकदेव माझ्याकडे न बघता म्हणाला. "दुसऱ्या ओळीला आवाजच फुटला नाही. आता पुढच्या वर्षी अर्ज."

प्रमिलानं चूल पेटवली. भाकरी थापल्या, आणि रोजच्यासारखं माझं ताट पहिलं वाढलं. एक शिवी दिली असती तरी घास उतरला असता.

पंधरा दिवसांत तिचा घसा सुधारला. गोठ्यामागं मात्र सकाळी चिडीचूप. चुकले असं म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. इतकं बोलणारी जीभ, त्या एका शब्दाला लाकूड होते.

शेवटी एका सकाळी अंगणात उभी राहिले, अगदी रस्त्याच्या तोंडाशी, आणि ओठ फुरफुरवले. पुढचे दात नाहीत. आवाज कमी, थुंकीच जास्त.

धुरपदाबाईचा झाडू थांबला. "अक्का! तुमलेबी लागनं का?"

"लागनं. लई ये तुन्या मिरच्या, मन्हावर उतार."

वळून पाहिलं, तर दारात प्रमिला. हात पिठाचे. हसली नाही. हातांचं पीठ झटकलं आणि आत गेली.

मी पुन्हा ओठ मिटले आणि फुरफुरवले, चुलीपर्यंत ऐकू जाईल असे.