सरांचा उरलेला शब्द

हदगावच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बालाजी सरांना दिवाळीनंतर लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मागं एकच शब्द उरला, आणि तोही मराठी नव्हता. "बिअर्ड."

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा शब्द तेवढा शिल्लक राहतो. नेमका हाच का राहिला, ते त्यांनाही सांगता येईना.

पाणी हवं असलं तरी बिअर्ड, कूस बदलायची असली तरी बिअर्ड. सून पुनम ग्लास पुढं करी, सर मान हलवत. उशी सरकवी, पुन्हा मान हलवत. तिचा नवरा सत्यम लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि महिन्यातून दोन रविवार घरी यायचा. सासू केव्हाच वारली होती. त्यामुळं अंघोळ घालणं, भरवणं, चादरी धुणं आणि वर हे ओळखत बसणं, सगळं पुनमच्याच गळ्यात.

घरी येऊन दाढी करणारा खाजा पहिल्यांदा आला, तेव्हा सर त्यालाही "बिअर्ड" म्हणाले. खाजा खूश झाला. "बघा भाभी, सरांना सगळं समजून राहिलंय!" त्यानं फेस लावला, वस्तरा हातात घेतला, तोच सरांनी डाव्या हातानं पाण्याची वाटी भिंतीवर उडवली.

"दाढी म्हनले म्हनून तर..." खाजा ओशाळला.

सरांना लघवीला जायचं होतं. ते चादर ओली झाल्यावर कळलं. पुनमनं आधी भिंत पुसली, मग चादर ओढली, आणि ओढता ओढता बोलून गेली, "सुटका तरी होऊ दे बाबा एकदाची, तुमची अन् माझी." ऐकणारं कुणी आहे असं तिला वाटतच नव्हतं.

माघातल्या एका दुपारी तिला घरात गुदमरायला लागलं. तिनं सरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि शिवाराच्या वाटेला लागली. वाटेत एक बोकड पाला खात उभा होता. सरांनी बोट केलं. "बिअर्ड." आवाज वेगळा होता, फळ्यावरचं दाखवताना असतो तसा.

"हाव मामा, बोकडाला दाढी हाय."

पुढं गव्हाचं रान लागलं, लोंब्या भरल्या होत्या. पुन्हा बोट. "बिअर्ड."

"न्हाई हो मामा, गहू हाय तो. ती कुसळं हायेत त्याची."

सरांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. "बिअर्ड!" मग बांधावरच्या वडाच्या पारंब्यांकडं बोट केलं आणि तेच म्हणाले. पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिनं खुर्ची वळवली.

संध्याकाळी तिनं हे सत्यमला फोनवर सांगितलं. 

"गव्हाच्या कुसळाला इंग्रजीत बिअर्डच म्हणतात," तो म्हणाला. "पारंब्यांचं माहीत न्हाई, ते त्यांनीच लावलं असंल. नववीत आम्हाला ह्या एका शब्दावर अख्खा तास शिकवला होता बाबांनी. क्रियापद पण हाय ते. मोठ्या माणसाच्या पुढ्यात जाऊन त्याला जाब विचारायचा, म्हणजे बिअर्ड." त्याचा गळा दाटला. "म्हणजे बाबांना सगळं कळतंय, पुनम."

 पुनमला चादर ओढतानाचे आपले शब्द आठवले. तेही कळले असणार.

"अहो, गळा तुमचा दाटून राहिला," ती म्हणाली, "पन चादरी मी धुवून राहिले. पुढल्या शनवारी या अन् आठ दिवस ऱ्हावा. मी अर्धापूरला चालले, आईकडं."

"क्लास कसा..."

"क्लासला सांगा तसं."

तो आठवडा ती शब्द सोडून नुसता आवाज ऐकत राहिली. शब्द तुटक आला तर लघवी. शेवटी वर गेला तर पाणी. हळूहळू सापडत गेलं, सगळं नाही. निघायच्या दिवशी ती सरांच्या पायाशी बसली. "मामा, त्या दिवशी मी वंगाळ बोलले. लई थकले होते." सर "बिअर्ड" म्हणाले, अगदी हळू. ह्याचा अर्थ मात्र तिला लागला नाही.

माहेरी ती जेवायला तेवढी उठायची आणि पुन्हा झोपायची. सोमवारी सत्यमचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला. "सकाळपासून एकच चाललंय. पाणी दिलं, भात दिला, कूस बदलली. काय पाहिजे त्यांना?"

"फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा."

पलीकडून शब्द आला, लांबट, कंटाळलेला.

"खिडकी उघडा," ती म्हणाली. "अन् तोंड रस्त्याकडं करा त्यांचं."

कडी वाजली, पलंग करकरला.  "थांबले," सत्यम म्हणाला. "आता?"

"आता बसा जवळ."

आईनं कुणाचा फोन म्हणून विचारलं.  पुनमनं गोधडी डोक्यावर ओढली.